दोन पात्यांमधला कोन

भंडाऱ्याच्या पाटबंधारे कार्यालयात खुशाल निंबार्ते ट्रेसर होता. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने उतरवायचा, हे त्याचं काम. हात स्थिर, नजर बारीक, पण स्वभाव पक्का भित्रा. कापडावर शाईचा एक ठिपका सांडला तरी दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे.

या माणसाला एक अजब नाद होता. फोटोतलं विमान ओळखायचं. स्वतः तो विमानात कधी बसला नव्हता, जवळून पाहिलीही होती ती दोन-तीनच. पण गोंदियाला शिकत असताना एका भंगारवाल्याकडे त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे मोठ्या लढाईच्या काळातली एक पुस्तिका मिळाली. शत्रूचं कोणतं, आपलं कोणतं हे सैनिकांना कळावं म्हणून तिच्यात विमानांच्या नुसत्या काळ्या आकृत्या छापल्या होत्या. खुशालने त्या गिरवून गिरवून पाठ केल्या. पुढे नोकरी लागल्यावर तो नागपूरला जाऊन फुटपाथवरून जुनी इंग्रजी मासिकं आणू लागला. इंग्लंडातल्या एका मासिकाच्या शेवटच्या पानावर दर महिन्याला एक अवघड फोटो यायचा. कुठे नुसती शेपटी, कुठे गवतात पडलेला सांगाडा. बरोबर ओळखणाऱ्यांची नावं पुढच्या अंकात छापून येत. खुशालचं नाव अकरा वेळा आलं होतं, त्यातल्या नऊ वेळा चुकीच्या स्पेलिंगने. त्याच्या बायकोने, ललिताने, ते अंक लोखंडी पेटीत जपून ठेवले होते.

ऑफिसात याची थट्टा चाले. त्याचं खरं कौतुक करणारा एकच होता, चपराशी गोपीचंद. आपल्या गावी, नाकाडोंगरीला गेला की तो सांगायचा, आमच्या ट्रेसरबाबूले इमानाचा तुकडा दाखवा, तो त्याची सारी कुंडली सांगते.

हे बोलणं रंभाबाई गभण्यांच्या कानावर गेलं. अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये, धानाची रोवणी आटोपल्यावर, त्या गोपीचंदबरोबर एसटीने भंडाऱ्याला आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत खुशालच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, उन्हाने रापलेली, कपाळ आणि हात मोकळे. पदराच्या गाठीतून त्यांनी एक फोटो काढला.

सासू वारली तेव्हा तिच्या संदुकीत तळाशी तो सापडला, असं त्यांनी सांगितलं. फोटोत त्यांचा नवरा होता. केवळराम. डोंगरीच्या मँगनीजच्या खाणीत तो पंपाचं काम शिकला, आणि लढाई लागल्यावर हवाई दलात फिटर म्हणून भरती झाला. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सासूने हा फोटो सुनेला कधी दाखवलाच नव्हता. रडत बसेल म्हणून असेल, की आपल्यापाशीच राहावा म्हणून असेल. फोटोसोबत चिठ्ठी नाही, मागे तारीख नाही.

"तो कायच्या जवळ उभा आहे, तेवढं सांगा," रंभाबाई म्हणाल्या. "बाकी मले काही नाई पायजे."

खुशालने फोटो उजेडात धरला आणि त्याचं भान हरपलं. तिघे जण उभे होते. मधला केवळराम, सडपातळ, हसरा. मागे विमानाचं तोंड, पण त्यावर ताडपत्रीची खोळ चढवलेली. चाकं तिघांच्या पायांआड गेलेली. वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला, त्यामुळे पंख्याची दोनच पाती दिसत होती. उजवीकडच्या माणसाच्या खांद्यामागे बांबूच्या ताटीसारखं काहीतरी. असला फोटो मासिकाने छापला असता तर महिनाभर लोक डोकं खाजवत बसले असते. खुशालला तो दहा मिनिटांत उलगडला. खोळीखालचं गोल इंजिन, आडवा जाड पंख, आणि पात्यांमधलं अंतर पाहता चार पात्यांचा पंखा.

"टेम्पेस्ट," तो म्हणाला. आवाजातला आनंद त्याला लपवता आला नाही. "दुर्मीळ आहे बाई हे. लढाई संपल्यावर आलं आपल्याकडे. पंचेचाळीसच्या शेवटी, नाहीतर शेचाळीसात."

 गोपीचंदच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"लढाई संपल्यावर," रंभाबाई म्हणाल्या. "नक्की ना?"

"नक्की."

"तो मेल्याची तार चव्वेचाळीसच्या होळीले आलती. बेपत्ता म्हणून. बहुतेक मेला म्हणून."

खुशालच्या हातातला फोटो जड झाला. आपण काय बोलून बसलो हे त्याला त्या क्षणी कळलं. मेल्याची तार आल्यानंतर दोन वर्षांनी हा माणूस विमानापुढे उभा राहून हसतो आहे, असं त्याने या बाईला सांगितलं होतं. त्याने चाचरत सांगून पाहिलं की एकदा नीट बघावं लागेल, फोटो दोन-चार दिवस ठेवून घेऊ का. रंभाबाईंनी मान डोलावून होकार दिला. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की मधला माणूस आजारी दिसते का. खुशालला नाही म्हणावं लागलं. तो चांगला धडधाकट दिसत होता.

त्या संध्याकाळी घरी येताच त्याने कोनमापक काढला. टेम्पेस्टच्या पंख्याला चार पाती, म्हणजे दोन पात्यांमध्ये नव्वद अंश. तीन पाती असतील तर एकशेवीस. फोटोवर त्याने पातळ कागद ठेवला, पात्यांच्या मधोमध रेघा ओढल्या आणि कोन मोजला. एकशेतीन आला. पुन्हा मोजला, एकशेचार. तिसऱ्यांदा पुन्हा एकशेतीन.

फोटो समोरून काढलेला नव्हता, थोडा बाजूने होता. बाजूने पाहिलं की कोन आवळतोही आणि पसरतोही. नव्वदाचे एकशेतीन होऊ शकत होते, एकशेवीसचेही. तीन पात्यांचं असेल तर ते लढाईच्या मधलं कोणतंही विमान असू शकत होतं. मग केवळराम तार येण्याआधीच त्या विमानापुढे उभा राहिला असेल, आणि खुशालने जे सांगितलं ते सगळं हवेत गेलं.

ललिताने त्याला ताटावरून उठताना पाहिलं आणि काय झालं ते विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर तिने एकच विचारलं. "तुमाले नक्की माहीत होतं?"

"तेव्हा होतं."

"आन् आता?"

खुशालने कोनमापक पुन्हा हातात घेतला. त्या रात्रीपासून ललिता त्याच्या ताटात भात कमी वाढू लागली. उरायचाच, म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातल्या स्टुडिओत फोटोच्या दोन मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि मूळ फोटो गोपीचंदबरोबर परत पाठवला. रंभाबाईंना सांगायला निरोपही दिला, की अजून तपासतो आहे, घाई करू नका. एक प्रत त्याने इंग्लंडच्या मासिकाला धाडली. सोबतचं पत्र लिहायला त्याला तीन दिवस लागले. एरवी तो पोस्टकार्डावर विमानाचं नाव आणि आपलं नाव एवढंच लिहायचा. या वेळी त्याने लिहिलं की, महाशय, हा खेळ नाही, एका बाईचा प्रश्न आहे, कृपा करून लवकर कळवा.

मग वाट पाहणं सुरू झालं. दर सोमवारी गोपीचंद गावाहून यायचा आणि काहीतरी बातमी आणायचा. खुशालला ती ऐकवत नसे, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नसे.

पहिली बातमी बांगड्यांची. रंभाबाई तुमसरच्या बाजारात गेल्या आणि दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून आल्या. चौतीस वर्षांच्या मोकळ्या हातांना कासारणीने तेल लावून लावून बांगड्या चढवल्या म्हणे. कुंकू मात्र लावलं नाही. शेजारणीने विचारलं तर म्हणाल्या, बांगडी माही, कुंकू त्याचं. त्यानं येऊन सांगावं, लावू का नोको.

दुसरी बातमी पितृपक्षातली. केवळरामच्या नावाने दर वर्षी पान वाढलं जायचं. ते त्याचा धाकटा भाऊ भोजराज वाढायचा. या वर्षी रंभाबाईंनी त्याला अडवलं. जित्या माणसाले पान वाढू नोको, म्हणाल्या. भोजराज चिडला. घरात भांडण झालं आणि ते पारावर गेलं. तिथून गावाचं तोंड सुटलं. केवळरामने दुसरं घर केलं, लढाई संपल्यावर तिकडेच पंजाबात राहिला, तिकडे त्याला पोरंबाळं आहेत. हे सगळं लोक इतक्या तपशिलाने सांगत की जणू कोणी जाऊन पाहून आलं होतं. कोणी असंही म्हणालं की बाईतच काही खोट असेल, उगाच कोणी टाकते का.

"सगळे तुमचंच नाव घेतेत, बाबू," गोपीचंद म्हणाला. तो रागावला नव्हता. पण पूर्वीसारखा टेबलाशी रेंगाळतही नव्हता.

खुशालच्या कामात चुका होऊ लागल्या. एका कालव्याच्या नकाशावर त्याने उतार उलटा दाखवला. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला बोलावून विचारलं, पाणी डोंगरावर चढवायचं ठरलं आहे का. घरी आला की तो भिंग घेऊन बसायचा. पाती, खोळ, पंख, पुन्हा पाती. एकदा टेम्पेस्ट वाटे. एकदा वाटे की आपल्याला नाव आवडलं म्हणून आपण ते पाहिलं. हीच शंका त्याला सगळ्यात जास्त खाई. दुर्मीळ विमान सापडावं ही त्याची हौस होती, आणि त्या हौसेपायी त्याने दुसरं काही पाहिलंच नसेल तर?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याने हिय्या केला. रंभाबाईंना जाऊन सांगायचं, मला खात्री नाही. सकाळच्या गाडीने तो तुमसरला उतरला. नाकाडोंगरीची गाडी लागलेली होती. तो तिच्या दाराशी उभा राहिला आणि मनातल्या मनात वाक्य जुळवू लागला. बाई, कदाचित तो तार यायच्या आधीचा फोटो असेल. कदाचित नसेल. हे ऐकून ती बाई काय करणार होती? बांगड्या अर्ध्या फोडणार होती? गाडी सुटली. खुशाल फलाटावरच्या बाकावर तासभर बसला आणि भंडाऱ्याच्या गाडीने परत आला. ललिताला त्याने खोटं सांगितलं नाही. दारातच म्हणाला, "नाई जमलं."

दिवाळी गेली, धान कापणीला आलं. नोव्हेंबरच्या शेवटी कळलं की रंभाबाई एकट्या नागपूरला जाऊन आल्या, माजी सैनिकांच्या कुठल्याशा कार्यालयात. तिथल्या कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि कळवू म्हणून सांगितलं. परत येताना त्या भंडाऱ्यावरूनच गेल्या होत्या, पण खुशालकडे आल्या नाहीत. हे ऐकून त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली.

पत्र डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पोस्टमनने ते ऑफिसातच आणून दिलं. खुशालने ते फोडलं नाही. तो उठून मागच्या व्हरांड्यात गेला, जिथे जुनी मोजमापाची साखळी आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत, आणि तिथे उभ्यानेच त्याने पाकीट उघडलं.

पत्र संपादकाचं नव्हतं. त्यांनी फोटो एका म्हाताऱ्या वाचकाकडे पाठवला होता. तो लढाईत बंगाल-आसामकडे मेकॅनिक होता. त्याने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं की पाती सोडा, उजवीकडच्या माणसाच्या खांद्यामागे पाहा. ती ताटी नाही. तो पंखावर उघडलेला जाळीचा ब्रेक आहे. उंचावरून सरळ खाली सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानाला तो असतो, वेग आवरायला. हे व्हेंजन्स नावाचं विमान आहे. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस साली हिंदी तुकड्यांकडे होतं, नंतर काढून घेतलं. तेव्हा हे विमान फार थोड्यांना आवडायचं आणि आज कोणाला आठवतही नाही. शेवटी त्याने बाईंना नमस्कार सांगितला होता. सोबत त्याच्या अल्बममधला एक छोटा फोटो होता. तेच विमान, उजव्या अंगाने, आणि पंखावर तीच जाळी, स्वच्छ दिसणारी.

खुशालने आपली प्रत काढून शेजारी धरली. इतके महिने ती जाळी त्याच्या डोळ्यांसमोर होती. आपल्या झाडीपट्टीतल्या प्रत्येक घराच्या अंगणाला असते तशी ताटी, म्हणून त्याने तिच्याकडे एकदाही भिंग नेलं नव्हतं.

आता शंका उरली नव्हती, पण भीती दुप्पट झाली. केवळराम लढाईनंतर जिवंत होता याचा एकमेव पुरावा खुशालचं तोंड होतं, आणि तो पुरावा खोटा निघाला होता. त्या बाईला आता दुसऱ्यांदा विधवा करायचं होतं, आणि ते त्यानेच करायचं होतं. ललिता म्हणाली, मी येऊ का सोबत. तो नको म्हणाला. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "घरात नोका सांगू. जिथं चार लोक असतील तिथं सांगा. बोलले तेबी चार लोकच होते."

रविवारी तो नाकाडोंगरीला उतरला तेव्हा गोपीचंद थांब्यावर उभा होता. दोघे खळ्याकडे निघाले. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती. भोजराज धानावरून बैलांची पात गोल हाकत होता, आठ-दहा बाया-माणसं पेंढ्या सोडत होती, आणि रंभाबाई सूप घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हातातल्या हिरव्या बांगड्यांवर भुसा बसला होता. खुशालला पाहताच त्यांनी सूप खाली ठेवलं. भोजराजने बैल थांबवले. कोणी कोणाला बोलावलं नाही, पण सगळे जवळ आले.

 जुळवून आणलेलं एकही वाक्य खुशालला आठवेना.

"बाई, मी चुकलो," तो म्हणाला. "ते विमान लढाईच्या नंतरचं नाही. लढाईतलंच आहे. तार आली त्याच्याही आधी होतं."

मग त्याने दोन्ही फोटो काढले आणि जाळी दाखवली. आधी रंभाबाईंना, मग भोजराजला, मग ज्याला पाहायची होती त्याला. पत्रात काय लिहिलं आहे ते सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवल्यामुळे हेही सांगितलं की हा फोटो तो मेला असं सांगत नाही. ते तारेने सांगितलं होतं, आणि तेही बहुतेक म्हणूनच. पण तो जिवंत राहिला हे फक्त मी सांगितलं होतं, आणि मी नीट पाहिलं नव्हतं. तुमच्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते माझ्यामुळे.

रंभाबाई फोटोकडे पाहत राहिल्या. 

"म्हंजे त्यानं मले टाकलं नाई," त्या म्हणाल्या.

खुशालला हो म्हणायचं होतं. पण आता तो मोजूनमापून बोलत होता. "टाकलं असं म्हणायला काही आधार नाही, बाई. काहीच नाही."

रंभाबाई पेंढ्यांच्या ढिगावर बसल्या आणि रडू लागल्या. मोठ्याने, मोकळ्याने, पदर तोंडाला न लावता. खुशाल हे पाहण्याच्याच धास्तीने चार महिने झोपला नव्हता. पण हे रडणं त्याने कल्पिलं होतं तसलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्या रडता रडताच बोलू लागल्या. पोळ्यापासून मी त्याच्याशी भांडून राहिली. चूल फुकताना शिव्या देऊन राहिली. मेला असता तं बरं झालं असतं, असंबी म्हटलं. आता बापा, त्याले काय वाटलं असन.

भोजराजने डोक्याचा शेला काढून चेहरा पुसला. पुढच्या अमावास्येला पान वाढू, तो म्हणाला. राहिलेलं. त्याने आवाज चढवला नाही, पण पेंढ्यांशी उभ्या असलेल्या दोघातिघांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी माना खाली घातल्या.

मग कोणीतरी बांगड्यांचं काढलं. दबक्या आवाजात का होईना, पण काढलंच. रंभाबाईंनी हात पुढे करून पाहिले.

"मांगच्या खेपेले दुसऱ्यांनी फोडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "ह्या मी माह्या हातानं भरल्या. राहू द्या."

कोणी वाद घातला नाही. भोजराजने बैल पुन्हा हाकले. खुशालला वाटलं आपलं काम झालं, आता जावं. पण रंभाबाईंनी त्याला शेजारी बसायला सांगितलं, गोपीचंदकडून पाणी मागवून त्याला दिलं, आणि इंग्लंडहून आलेला फोटो पुन्हा हातात घेतला. हे इमान करते काय, त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. फार वर जातं, मग तोंड खाली करून सरळ खाली येतं, दगडासारखं. मग या जाळ्या उघडतात आणि वाऱ्याला धरून ठेवतात, म्हणून ते जमिनीवर आदळत नाही. त्यांनी बोटाने जाळीवरून रेघ ओढली.

"आन् ह्या जाळ्या नाई उघडल्या तं?"

"मग आतले दोघेही गेले."

"तं त्या उघडतेत का नाई, हे पाहणं फिटरचं काम. केवळराम पाहत असन."

 असं असायची शक्यता पुष्कळ होती. हो म्हटलं असतं तर बाईला बरं वाटलं असतं.

"असेल," तो म्हणाला. "पण मला ठाऊक नाही, बाई. तो इंजिनवरही असेल."

रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच त्या जराशा हसल्या. "बरं. आता तुमी शिकले," त्या म्हणाल्या, आणि तो छोटा फोटो ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. खुशालने तो त्यांना दिला. त्यांनी केवळरामचा आणि हा असे दोन्ही फोटो पदराच्या गाठीत बांधले, सूप उचललं आणि वारा कुठून येतो आहे ते पाहायला मान वर केली.